उपासाच्या दिवसाची कोंबडी

समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय राजदूत मॅडम. आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सांस्कृतिक सल्लागार लोरेंत्स साहेब. आशीर्वाद द्यायला मुद्दाम आलेले अब्बा गेब्रेयस. वकिलातीतले माझे सहकारी. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माळी, ड्रायव्हर, पहारेकरी, ज्यांचं नाव घ्यायचं अशा वेळी हमखास राहून जातं, ते सर्व जण.

मी बेलाचेव. एकतीस वर्षं या वकिलातीत दुभाष्या आहे. दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात हयात गेली. स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जीभ अडखळली तर सांभाळून घ्या. लोरेंत्स साहेब बघा, खांद्यावर आपण दिलेली गाबी पांघरून किती प्रसन्न हसताहेत! चार वर्षं त्यांनी आपल्या संस्कृतीचा अभ्यास केला. भाषा तेवढी वेळेअभावी राहिली. त्यांच्या कानाशी लागून सांगणारा मीच, आणि मी आज इथे माइकसमोर. राजदूत मॅडमचं तसं नाही. दर शनिवारी बाजारात कांदेवालीशी घासाघीस करता करता त्या आपली भाषा शिकल्या. त्यांना सगळं कळतंय, म्हणून तर बोलायला उभा राहिलो.

साहेबांनी आपल्यासाठी काय केलं नाही? अदिस अबाबात जन्मलेल्या आपल्यासारख्यांना त्यांनी इथिओपियाची ओळख करून दिली! दरवर्षी एक 'इथिओपियाची संध्याकाळ'. इंजेरासारख्या परातभर भाकरीच्या बोटाएवढ्या सुरळ्या, त्यात दातकोरणं खोचलेली. मासिंको वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला मोजून आठ मिनिटं. अहो, तो पाहुण्यांची नावं गुंफत, त्यांना चिमटे काढत गाणं रचणारा माणूस. आठ मिनिटांत त्याचा घसासुद्धा मोकळा होत नाही. आणि कॉफी? थर्मासातली. समोर बसून बिया भाजल्या तर गालिच्यांना धुराचा वास लागतो म्हणे. आजही तिकडे टेबलावर तो थर्मास उभा आहे. पाहून घ्या, ही आपली संस्कृती.

पण साहेबांना एकट्यालाच नावं ठेवली तर अब्बा माझा कान धरतील. आपण काय कमी आहोत? यंदाच्या संध्याकाळचंच घ्या. तारीख ठरली मेगाबित महिन्यातला बुधवार, भर मोठ्या उपासातला. पंचावन्न दिवस ज्या घरांत मांस, अंडं, दुधाचा थेंब शिरत नाही, त्या घरांतली माणसं बैठकीला बसली होती. साहेब म्हणाले, "मुख्य पदार्थ दोरो वत. कोंबडीचा लालभडक रस्सा, वर अंडी. हीच तर तुमची शान!"

मी भाषांतर केलं. आणि टेबलाभोवतीच्या माना एकेक करून हलल्या. "इशी." "इशी." "इशी, साहेब." हो, बरं, जशी आज्ञा. उद्या साहेब म्हणाले असते की सूर्य मावळतीला उगवतो, तरी आपण 'इशी'च म्हटलं असतं. दोरो वतच्या कोंबडीचे तुकडे जितके करतात तितकेच आपण होतो: बारा. त्या बारांत मीही आलो.

तेरावी एतागेन. एकोणीस वर्षं या वकिलातीचं स्वयंपाकघर सांभाळणारी. ती उभी राहिली आणि वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी मला म्हणाली, "गाशे, त्यांना सांगा, त्या दिवशी माझ्या हातून कोंबडी कापली जायची नाही. आणि आपली माणसं येतील ती खाणार काय, टेबलावरची फुलं?"

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतेय?"

मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं, "म्हणतेय की काम जरा जास्त आहे."

"मग एक मदतनीस देऊ!" साहेब हसले. बैठकीच्या टिपणात लिहिलं गेलं: स्वयंपाकीण राजी.

हं, आता हॉल शांत झाला. साहेब मात्र टाळ्या वाजवताहेत. आभारी आहे, साहेब.

पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. ऐन वेळी स्वयंपाकघरात कोंबडी नाही, म्हणून धावाधाव करून ती हॉटेलातून आणवली. परदेशी पाहुणे जेवले. आपली शंभर माणसं हात बांधून बसली. अब्बा, तुम्ही ताटाऐवजी छताकडे पाहत होतात. तेवढ्यात एतागेननं मागचं दार उघडलं. "चला, हात धुवा! शिरोचं पिठलं गरम आहे, मसूर आहे, भाजी आहे. लाजता काय, परक्याच्या घरी आलाय का?" अर्ध्या तासात पुढचा हॉल ओस पडला. कोंबडी सोडून परदेशी पाहुणेसुद्धा मागच्या अंगणात, आपल्या माणसांसोबत एकेका परातीभोवती. एका राजदूतानं आपल्याच ड्रायव्हरला स्वतःच्या हातानं घास भरवला. मासिंकोवाला दोन तास गायला, आणि घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

नंतर दोन कागद माझ्याकडे भाषांतराला आले, एकाच दिवशी. पहिला साहेबांचा अहवाल: संपूर्ण शाकाहारी संध्याकाळ ही माझी अभिनव कल्पना अत्यंत यशस्वी ठरली. दुसरा: कबूल केलेला आदेश मोडल्याबद्दल एतागेनला कामावरून काढावं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्या अशा! पण त्या दुसऱ्या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही कुणाची आहे? ज्याला खरं ठाऊक होतं त्याचीच. माझी.

त्या रविवारी मी गुलेलेला तिच्या घरी गेलो. तिनं मला बसवलं, बिया भाजल्या, वास घ्यायला धूर माझ्याकडे वळवला. पाहुणचारात काही उणं ठेवलं नाही. मी म्हटलं, "एतागेन, माझा नाइलाज होता गं."

"नाइलाज?" ती म्हणाली. "तुमच्या तोंडापासून त्यांच्या कानापर्यंत वीतभर अंतर होतं, गाशे. माझा शब्द तेवढासुद्धा नेता आला नाही तुम्हाला?"

पहिला कप दिला. दुसरा दिला. मग सुरई उचलून आत नेली. "निखारे विझले," म्हणाली. निखारे लाल होते. तिसरा कप आशीर्वादाचा असतो, तो घेतल्याशिवाय आपल्यात शत्रूसुद्धा उठत नाही. मी साठ वर्षांचा माणूस दोन कपांवर उठलो आणि बाहेर येऊन रस्त्यावर रडलो.

राजदूत मॅडम, तो कागद आपल्या टेबलावर सहीसाठी आला आहे. मी माझी साक्ष मागे घेतो. एतागेन 'नाही' म्हणाली होती, स्पष्ट, सगळ्यांदेखत. खोटं मी बोललो. काढायचंच असेल तर मला काढा. ते ऐकणारे बाकीचे अकरा जण याच हॉलमध्ये बुटांकडे पाहत बसले आहेत. आपण त्यांना विचारा. 'इशी' म्हणायचा त्यांना चांगलाच सराव आहे, एकदा खऱ्यालाही म्हणतील.

लोरेंत्स साहेबांना पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा. ज्या देशात जातील तिथल्या लोकांना देव एखादी एतागेन देवो. मॅडमनी बोलू दिलं आणि आपण ऐकून घेतलंत, याबद्दल ऋणी आहे. वयाचा मान सोडून काही बोललो असेन तर अब्बांनी पदरात घ्यावं. साहेबांची क्षमा मात्र आत्ता मागत नाही. आधी त्यांच्याशेजारी बसून हे सगळं भाषण त्यांच्या कानात सांगतो, एकही शब्द न गाळता. मग गुलेलेला जाईन. थर्मासातली कॉफी माझ्यासाठी ओतू नका.