चिरकाला रॉबिन म्हणणारे परदेशी आणि भिंतीवरची सोनी

संस्थेचे अध्यक्ष गहिनीनाथराव पालवे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती रॉबिन उजागरे सर, शिक्षक बंधुभगिनींनो, गावकरी मंडळी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या, म्हणजे आता गप्प बसणार असलेल्या माझ्या मुलांनो,

मी भाषण लिहून आणत नाही. आज आणावं लागलं, याला कारण तुमची निमंत्रणपत्रिका. पत्रिकेवर तांबड्या छातीच्या एका पक्ष्याचं चित्र आहे आणि खाली छापलंय, ‘पक्ष्याचं नाव लाभलेले आमचे रॉबिन सर निवृत्तीच्या मोकळ्या आभाळात झेपावत आहेत.’ मी निवृत्त होईपर्यंत या शाळेत इंग्रजी शिकवलं. एका पत्रिकेत दोन चुका दिसल्यावर मी तोंडी बोलत बसले, तर रागावून बोलेन. म्हणून कागद.

पहिली चूक. माणसाला पक्ष्याचं नाव मिळालेलं नाही, पक्ष्याला माणसाचं मिळालंय. रॉबिन हे रॉबर्टचं लाडाचं रूप, जसा आपल्याकडे गोरक्षनाथाचा गोरख होतो. इंग्लंडात त्या पक्ष्याला आधी ‘तांबड्या छातीचा’ एवढ्याच अर्थाचा शब्द होता. पण तो पक्षी माणसाळलेला. बागेत कोणी माती उकरायला लागलं की पायाशी येऊन किडे टिपणार. घरातलाच झाला, म्हणून लोकांनी त्याला घरातल्या पोराचं नाव लावलं. पुढे तांबडी छाती बोलण्यातून गळाली, रॉबिन तेवढा उरला. आपल्या सरांचं नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलं, ते मिशनच्या शाळेतल्या आपल्या आवडत्या मास्तरांवरून. झेपावण्याचा काही संबंध नाही. सरांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.

दुसरी चूक चित्राची. तो पक्षी पाथर्डी तालुक्यात कोणी पाहिलेला नाही. आपल्याकडे इंग्रजीत ज्याला रॉबिन म्हणतात, तो चिरक. काळा, खांद्यावर पांढरा ठिपका, शेपटी सदा वर, आणि तांबडा रंग शेपटीखाली. मग याला रॉबिन कोणी केलं? घरापासून लांब आलेल्या इंग्रजांनी. अमेरिकेत गेले, तिथल्या भलत्याच पक्ष्याला रॉबिन म्हणाले. ऑस्ट्रेलियात गेले, तिथंही तेच. हे वर्गात सांगताना सर म्हणायचे, “पोरांनो, घरची आठवण फार आली की माणसाला छाती कोणती आणि शेपटी कोणती, तेसुद्धा कळत नाही.”

मुलं हसायची. पण या चुकीवर सरांनी आपलं हंगामी वसतिगृह चालवलं, हे पाहुण्यांना माहीत नसेल.

दिवाळी सरली की आपल्याकडचे आईबाप कोयते घेऊन कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जातात. पोरं शाळेच्या वसतिगृहात राहतात. पहिल्या वर्षी पोरं रडायची, पळून फाट्यावर जाऊन बसायची. तेव्हा सरांनी प्रथा पाडली. नव्या मुलानं इथल्या कोणत्याही एका वस्तूला आपल्या घरचं नाव द्यायचं, आणि मग सगळ्यांनी त्या वस्तूला त्याच नावानं हाक मारायची. पाण्याचं पिंप ‘मामा’ झालं. मागे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या भागूबाईंना विचारलं, “ही हौसा कोण? सारखं हौसाकडे जा म्हणताय.”

भागूबाई म्हणाल्या, “नळ हाय, साहेब. दोन चापट्या हानल्याबिगर पानी देत न्हाई. रामहरीची आत्या बी तशीच हाय म्हनं.”

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येते. या महिन्याअखेर सर निवृत्त होतात. वसतिगृह म्हणजे रात्रंदिवसाचं काम. एकही शिक्षक तयार होईना. बैठकीत गहिनीनाथराव म्हणाले, “बाई, माणूस न्हाई मिळालं तर पोरं फडावर धाडावी लागतील.” तुम्ही माझे विद्यार्थी आहात, गहिनीनाथराव, म्हणून चारचौघांत तुमचा कान धरला नाही. पण मला भिमाजी आठवला. यंदा नव्यानं आलेल्या मनकर्णाचा बाप. तिला सोडायला आला तेव्हा म्हणाला होता, “बाई, हिला ठिवून घ्या. थोरलीला फडावर नेली, ती मोळ्या बांधायला लागली अन् परत शाळंत आलीच न्हाई.”

आणि ही मनकर्णा फाटकाच्या पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. भाकरीला हात लावेना. नाव कशालाच देईना. “नळ नको, पिंप नको. मला काय बी नको,” म्हणायची. सर मला म्हणाले, “बाई, ही राहायची नाही. आणि मी असा मधेच चाललोय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच काय ते पाहिलं.

परवा मी त्या पायरीवर जाऊन बसले. भिंतीवर चिरक आला. सवयीनं मी शिकवायला लागले, “हा बघ, याला इंग्रजीत रॉबिन म्हणतात.”

“न्हाई,” ती म्हणाली. “ती सोनी हाय.”

“कोण सोनी?”

“आमची शेळी. तिची बी शेपटी अशीच वर आसती.” चिरकाकडे बघतच म्हणाली, “इकली बाबानं.” मग उठली, गाठोडं पायरीवरच ठेवलं आणि आत जाऊन भागूबाईंकडे सोनीसाठी भाकरी मागितली. भागूबाई काय कच्च्या आहेत? म्हणाल्या, “आर्धी तिची, आर्धी तुझी. तू खाल्ल्याबिगर ती खात नसती.”

मनकर्णानं खाल्ली. चिरक किडे खातो, भाकरी नाही. शिवाय तो नर होता. दोन्ही गोष्टी मी तिला सांगितल्या नाहीत.

सर, तुमचा पक्ष्याशी संबंध नाही असं मघाशी म्हणाले, तेवढं मागे घेते. लांबच्या गावी ओळखीचं काहीतरी भेटवणं, हे चिरकानं त्या इंग्रजांसाठी केलं, तेच तुम्ही पोरांसाठी केलंत. आज आलेल्या सर्वांचे, आणि पत्रिका छापणाऱ्यांचेही, आभार. कोणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्या मास्तरणीचं लाल पेन समजून पोटात घाला.

आता वसतिगृहाच्या ताब्याची एक नोंद सभेसमोर करते. काल संध्याकाळी रॉबिन सरांनी दिलं आणि मी घेतलं ते असं: दोन्ही खोल्यांच्या आणि कोठीच्या किल्ल्या. मामा, तळाशी जरा गळका. हौसा, चापट्यांसह. भागूबाई, त्यांच्या स्वतःच्या अटींवर. पायरीवरून उचलून आत खुंटीला टांगलेलं एक गाठोडं. आणि भिंतीवरची सोनी.