तत्त्वज्ञाचा कौल

हसू नका, पण आमच्या गावात एक प्राचीन तत्त्वज्ञ जन्मलाय. त्याचा ग्रंथ जगभर शिकवतात, पण तो कधीचा, कुठचा, कुणालाच ठाऊक नाही. एका पाहुण्या प्राध्यापकाने हे सांगितलं आणि आमच्या बाबीकाकांचे डोळे चमकले. शेजारच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड, काकांच्या खानावळीत मात्र माश्या.

"कोणाचोच नाय, मगे आपलोच! जन्मस्थान म्हणान पाटी लावया!"

गावकरी म्हणाले, आधी देवाचा कौल घ्या. गुरवाने मूर्तीवर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "तो हयच जल्माक इलो काय रे म्हाराजा?" उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय! काका पाटी रंगवायला धावले.

तेवढ्यात प्राध्यापक बोलले, "अहो, पण हा माणूस मुळात होऊन गेला का, हेच नक्की नाही!"

गुरव भडकला. "ता आदी सांगूक काय झाला हुता?"

पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं, "तो होवन गेलो काय रे म्हाराजा?" डावी पडली. म्हणजे नाही.

प्राध्यापक हळूच म्हणाले, "मग ठरलं काय?"

गुरव शांतपणे म्हणाला, "तो होवन गेलोच नाय. जल्माक मात्र हयच इलो."