रविवार कुणाचा?

हॅलो?… हॅलो, कोण?… कुंदा! अगं मीच, जोसेफीन. दुसरं कोण उचलणार? मम्मी अजून या फोनला घाबरते, वाजला की पदर सावरते…

हो, विचारला!… शप्पथ! चर्चच्या धर्मशिक्षणाच्या भर वर्गात, उभं राहून. "फादर, शुक्रवारी येशू क्रुसावर मेला आणि सगळ्यांची पापं धुऊन झाली, तर मग रविवारी परत उठायची गरजच काय?"… अस्सा! तुम्ही सांगितलात तसाच. चंपाला सांग, तिचा निळा चाप माझा झाला. उद्या शाळेत लावून येणार मी…

ए, पैज म्हणजे पैज. रडायचं नाही.

तू कुठून बोलतेस?… औषधाच्या दुकानातून? आणि शिवदासशेठ?… आत झोपलाय? झकास. हळू बोल मग. नाही, तू हळू बोल, मी कशाला? माझ्या घरचा फोन आहे. पपा टेलिफोन खात्यात आहेत त्याचा एवढा तरी उपयोग…

फादर हेन्री? नाही गं, ओरडले नाहीत. सगळी पोरं फिदीफिदी हसली आणि फादरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता वाट लागली. तर म्हणतात, "जोसेफीन, वर्गात पहिल्यांदाच कामाचं काही बोललीस."

सांगते ना! जरा धीर धर… आधी हे ऐक. मी हा प्रश्न तुमच्या पैजेसाठी नव्हता विचारला. म्हणजे चापासाठी थोडा. पण खरं कारण एडना.

हो, तीच. तीच माझी चुलत बहीण, काळ्या फ्रॉकातली… माहीत आहे गं, काका गेले. माझेपण काकाच होते ना ते? पण कुंदा, तूच सांग. गुड फ्रायडेचं नाटक म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यात मोठं नाटक. अख्खं गावठाण सतरंज्या घेऊन येतं, मरोळहून येतात, पार कुर्ल्याहून येतात. त्यात मरियामाता म्हणजे… अगं, येशूची आई! क्रुसाखाली बसून मुलाला मांडीवर घेते, आणि बायका अशा रडतात, अशा रडतात की लाउडस्पीकर ऐकू येत नाही. ते काम मला हवं होतं. मी किती दिवस आरशासमोर रडत होते. डोळ्यांखाली बाम लावून! मम्मीला वाटलं डोळे आले…

हसू नकोस. आणि नाटक बसवणाऱ्या जॉनी मास्तरनी कुणाला दिलं? एडनाला! का, तर म्हणे, "तिच्याकडे काळं आहेच घरात. आणि तिला रडू लगेच येतं." बघ! ही काय लायकी झाली? माझे वडील गेले नाहीत, हा माझा दोष?…

बरं, बरं. तोंडातून निघून गेलं. क्रॉस केला, चावली जीभ. पुढे ऐक.

मला काय दिलं, तर माग्दालेना. ती रविवारी पहाटे कबरीवर जाते ना, ती. एकच वाक्य! नाटक शुक्रवारी संध्याकाळी संपतं, लोक सतरंज्या गुंडाळून घरी जातात, आणि मी ईस्टरच्या सकाळी मिस्साआधी, म्हणजे चर्चची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, एकदा धावत यायचं आणि ओरडायचं, "तो जिवंत आहे! मी डोळ्यांनी पाहिलं!" संपलं. तोवर अर्धं गाव डोळे चोळत असतं आणि बाकीच्या अर्ध्याचं लक्ष घरच्या वड्यांकडे. म्हणून मी विचारलं. म्हटलं, फादरनीच सांगावं की शुक्रवार मोठा. म्हणजे जॉनी मास्तरशी भांडायला बरं… कळलं ना आता?

हां. तर फादर काय म्हणाले. म्हणाले, "शुक्रवारी चांगला माणूस मेला, एवढंच असतं तर काय झालं असतं? चांगली माणसं रोज मरतात. आपण फोटो लावतो, हार घालतो, वर्षाला मिस्सा सांगतो. येशूचाही एक फोटो झाला असता. हार घातलेला. आणि आपण सगळे दर रविवारी फोटोसमोर जमलो असतो."

नाही, थांब, पुढे आहे. मी म्हटलं, पण पापं तर धुतली ना? तर म्हणाले, "पेपर शुक्रवारी दिला. निकाल कधी लागला?" आणि लगेच, "निकाल लागलाच नसता, तर पास झालो हे तुला कुणी सांगितलं?" म्हणजे बघ, येशू म्हणाला मी देवाचा पुत्र आहे, मरणाला हरवीन. आणि मेला. मग कुणी विश्वास ठेवायचा? त्याचे दोस्त पळून गेले, दारं लावून बसले. सगळे बाप्ये! रविवारी जेव्हा तो उठला तेव्हाच कळलं की शुक्रवारी तो हरला नव्हता…

हो गं, मला माहीत होतं तू हेच म्हणणार. तुझी आजी म्हणते ना आत्मा मरतच नाही. मीपण हेच विचारलं! म्हटलं, फादर, माझी मैत्रीण कुंदा, तिची आजी वेंगुर्ल्याची, ती म्हणते आत्मा काय, अमरच असतो, त्यात विशेष काय?… नाव घेतलं तुझं, मग काय झालं? खूश झाले ते. म्हणाले, "कुंदाच्या आजीला माझा नमस्कार सांग. पण येशूचा नुसता आत्मा नाही उठला. अख्खा माणूस उठला. हाताला खिळ्यांच्या खुणा होत्या त्याच्या. आणि दोस्तांना वाटलं भूत आहे, तर त्यानं त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला."

मासा! हो! मी म्हटलं कुठला? सगळी पोरं परत हसली. फादरपण.

…नाही, म्हणजे खरंच झालं असंच आम्ही मानतो. गोष्ट नाही गं. त्यावरच तर फादर एकदम गंभीर झाले. म्हणाले, "हे घडलंच नसेल, तर मी हा झगा घालून तुम्हाला आयुष्यभर फसवतोय. उद्या काढून ठेवीन आणि बाजारात भाजी विकायला बसेन. पण घडलं असेल, तर तुमच्या घरातलं जे कुणी पुरलंय, तेही संपलेलं नाही."

तर तेवढ्यात… कुंदा, तेवढ्यात एडना उठली. पांढरीफटक. सरळ वर्गातून बाहेर. आणि फादर प्रश्न टाकून तिच्यामागे! माझा प्रश्न! मी उभीच. सगळा वर्ग खिडकीतून तिच्याकडे बघतोय.

जळले मी. हो, जळले. लपवू कशाला तुझ्यापासून? मी प्रश्न विचारायचा, धाडस मी करायचं, आणि शेवटी सगळ्यांनी बघायचं एडनाकडे. वर्षभर हेच चाललंय. शाळेत तिच्या दंडावर काळी फीत, बाई तिला गृहपाठ माफ करतात. ख्रिसमसला त्यांच्या घरी सुतक म्हणून करंज्या केल्या नाहीत, तर गावातल्या प्रत्येक घरातून ताट. आमच्या ताटातली चांगली चांगली मम्मीनं त्यांच्या ताटात घातली. मला मोडक्या!…

दुष्ट म्हण हवं तर. पुढे ऐक आणि मग म्हण.

वर्ग सुटल्यावर फादरनी मला थांबवलं. मला वाटलं आता खरी खरडपट्टी. तर म्हणाले, "जॉनी मास्तरनी सांगितलं, तू तुझ्या कामावर नाराज आहेस. जोसेफीन, तू रविवारी धावत आली नाहीस ना, तर शुक्रवारचं ते नाटक नाही. नुसती मयत. आणि आम्ही सगळे अजून मयतीलाच बसलोय." आणि म्हणाले, "जगातली सगळ्यात मोठी बातमी देवानं पहिल्यांदा एका बाईला दिली. ती तुझ्या तोंडात आहे. एकच वाक्य आहे, नीट म्हण."

काय वाटलं म्हणजे? काटा आला गं अंगावर! मी तिथून पळतच निघाले. गावच्या क्रुसापासून विहिरीपर्यंत, तीन कोंबड्या उडवल्या, "तो जिवंत आहे!" करत. शेजारच्या कॉन्सेप्टा काकीचा कुत्रा माझ्यामागे! मनात म्हटलं, घे एडना, तुझा शुक्रवार तुला लखलाभ. माझा रविवार. मम्मीनं तर पेटीतलं तिचं लग्नातलं लाल लुगडं ठरवून ठेवलंय माझ्यासाठी, चौकड्यांचं. लाल, कुंदा! आणि ती काळ्यात…

हॅलो?… अहो, कोण आहे मध्ये?… नाही, हे बंदर गोदीचं ऑफिस नाही. ठेवा तुम्ही… कुंदा, आहेस ना? हां. गेला तो.

तर विहिरीवर एडना बसली होती. हो, एकटीच. माझं ते सगळं ओरडणं ऐकलं तिनं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणते, "जोसी, तू किती नशीबवान गं."

मी! कुंदा, मी नशीबवान! एडना माझ्यावर जळते! मी आधी तर मनातल्या मनात उडीच मारली…

म्हणते, "वर्षभर सगळे मला रडताना बघतायत. आता लाउडस्पीकर लावून रडायचं. मला एकदा, एकदाच, धावत येऊन ते वाक्य म्हणायचंय." आणि मग विचारते, "फादर म्हणाले, हाताच्या खुणांसकट उठला. म्हणजे पपांचा हात पण असेल ना? त्यांची ती अर्धी करंगळी?"

इसिडोर काकांची करंगळी मशिनीत गेली होती. तरी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. आम्हा दोघींना बोलवायचं असलं की हाक नाही, ट्रंपेट. तिला दोन सूर, मला तीन. म्हणजे मला एक जास्त, बरं का. लहानपणी ती यावरून माझ्यावर जळायची…

नाही. काही नाही. बोलतेय ना मी. सर्दी आहे.

…काय बोलणार? मी म्हटलं असेल. अर्धी तर अर्धी, पण तीच करंगळी असेल.

मजा यायला हवी होती ना गं मला? एडना माझ्यावर जळते, याची? नाही आली.

हो, मग बदला ना कामं, म्हणे! इतकं सोपं आहे? तिनं विचारलं होतं जॉनी मास्तरना. ते म्हणाले, "वेडी झालीस? ईस्टरला तुझ्या बापाचं वर्ष पुरं होत नाही. माग्दालेनाला लाल लागतं. काळ्यातली पोर लाल नेसून नाचली तर गाव काय म्हणेल?" आमच्यात वर्षभर काळं असतं गं, घरातलं कुणी गेलं की. ते कधी उतरवायचं ते घरातला मोठा ठरवतो. काका नाहीत, म्हणजे मोठे कोण? आमचे पपा. आणि पपांसमोर काकांचं नाव काढायची कुणाची टाप नाही. ट्रंपेटपण त्यांनी माळ्यावर ठेवून दिलाय…

तेच तर! मीपण तेच म्हणते. ईस्टरला काळं उतरत नसेल, तर आपण शुक्रवारीच अडकलोय ना सगळे? मग फादर ते काय सांगत होते इतका वेळ?…

अगं पण मला हवाय तो रविवार! आत्ता कुठे कळलं काय आहे ते. आणि लगेच द्यायचा? तेही तिला? आधी शुक्रवार तिचा होता तर मला शुक्रवार हवा होता. आता… काय म्हणालीस?

परत बोल.

…"तुला हवा होता तो शुक्रवार तिला नकोच आहे, मग तू जळतेस कशावर?" ए शहाणे. हे असं का बोललीस? मी जळायला उरलंच काय मग?

शेठ उठला? ओरडतोय? एक मिनिट धरून ठेव. त्याला खोकल्याचं औषध माग, काहीही कर. ठेवू नकोस हं, तू साक्षीदार आहेस. हे बघ, मी आत्ताच सांगते, नाहीतर उद्यापर्यंत माझं मन फिरेल…

मम्मी! पपा! बाहेर या ना जरा दोघं… हो, फोनवर आहे, असू दे… नाही, काही फुटलं नाही. पपा, तुम्ही बसा. पेपर खाली ठेवा आधी.

माझं ठरलंय. रविवारी माग्दालेना मी नाही. एडना होणार. लाल लुगडं नेसून.

…माहीत आहे वर्ष नाही झालं. जॉनी मास्तरना तुम्ही सांगायचं, काकीला पण तुम्हीच सांगायचं. तुम्ही मोठे ना? पपा, वर्षभर ती शुक्रवारच करतेय. रोज. रविवारी येशू उठला असं आपण खरंच मानतो ना? मग त्या दिवशी तरी तिनं काळ्यात कशाला बसायचं? इसिडोर काका काय फोटो आहेत का नुसते?

…पपा?

…मम्मी, पपा लाल लुगड्याच्या पेटीची किल्ली मागतायत.

कुंदा, ऐकलंस ना? ठेवते गं, ठेवते!… आणि मम्मी, शुक्रवारी मरियामाता मी, काकीचं काळं लुगडं मला मागून दे. पण नीट चापूनचोपून नेसव हं. एडनापेक्षा नीट.