बासरीखालचं बोलणं

आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यावर फिल्म काढली होती, त्याचं काय झालं सांगतो. मागांच्या खडखडाटात आमाला एकमेकांचं काय ऐकू येत न्हाई, म्हणून आमी ओठ बघून बोलतो. अंगवळणी पडलंय ते.

शूटिंगवाले आमच्या नरसय्याला म्हणाले, "कामाबद्दल बोला." त्यो बोलला की. बारा तास उभं राहतो, कान गेले, तक्रार केली तर मालक म्हणतात, गेट उघडं हाय.

मग फिल्म बघायला आमाला हॉलमध्ये बोलावलं. पुढच्या रांगेत मालक. पडद्यावर नरसय्या आला, पण त्याचा आवाज काढून टाकलेला आणि वरनं बासरी लावलेली. पाहुण्यांना बासरी लई आवडली. आमी मात्र त्याचे ओठ वाचले आणि येड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

सकाळी मालकांनी नरसय्याला दारातच अडवलं. म्हणाले, "गेट उघडं हाय. जा."

नरसय्या म्हणाला, "मालक, फिल्ममध्ये माझा आवाजच नव्हता की."

मालकांनी आवाज न काढता, आमच्यासारखे नुसते ओठ हलवले. आमी सगळ्यांनी वाचलं.

"मीबी पंधरा वर्षं माग चालवलाय."