बसलेला घसा

लेक : बोल आता, आई. गेली सगळी.

आई : दार लावलंस?

लेक : लावलं. तो मफलर काढ आधी, घामाघूम झालीयेस.

आई : जिन्यात असतील अजून. विहीनबाई तिखट कानाच्या आहेत. मघाशी नुसती शिंकले, तर उठून पानी आनून दिलं.

लेक : मग कुजबुजतेस कशाला अजून?

आई : सवय लागली. तुझ्या लग्नाची बोलनी, आनि मी आपली नंदीबैलासारखी मान हलवतेय!

लेक : हसू नकोस.

आई : मग काय करू? घसा बसलाय म्हनून सांगायची युक्ती माझीच होती की.

लेक : युक्ती तुझी. पण मी नको म्हणाले का? उलट कपाटातून मफलर शोधून दिला.

आई : बरंच केलंस. शिकलेलं घर त्यांचं, व्याही तर भाषांचे मास्तर. मी तोंड उघडलं की पानी, लोनी, कोनी. रेडिओवर बातम्या वाचनारीची आई ही अशी!

लेक : ते काय सांगत होते, ऐकलंस ना? जगातल्या बहुतेक भाषांत हा 'ण' नाहीच म्हणे. जीभ वळवून टाळूला टेकवायची, हे थोड्याच भाषांत चालतं. बाकीचे 'न'वर संसार करतात, आणि कुणाचं काही अडत नाही.

आई : माझ्याकडंच बघून बोलत होते. कळलं होतं का गं त्यांना?

लेक : मुलानं घरी सगळं सांगितलंय. त्याला तुझं बोलणं आवडतं. जाताना दारात ते मला म्हणाले, 'खास आईंचं बोलणं ऐकायला आलो होतो, राहूनच गेलं.' धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आई : एवढं मनाला लावून घेऊ नको.

लेक : कसं नको? लाज वाटत होती मला तुझी, आई. सकाळपासून. लहानपणी आरशासमोर बसवून हाच 'ण' माझ्याकडून घोटून कुणी घेतला?

आई : मी. मला म्हनता येत नाही, पन ऐकू येतो ना! तुझी जीभ वळली त्या दिवशी मी खोलीभर नाचले होते.

लेक : आणि आज मी तुझंच तोंड बंद केलं.

आई : अगं, शिवनखान्यात तुझ्या बातम्या लागल्या की मी सगळ्या मशिनी थांबवायला लावते. मुकादम बोंबलतो, पन कोनी हूं की चूं करत नाही. तुझ्यासाठी सगळ्यांना गप्प करते, आज मी गप्प बसले. त्यात काय एवढं?

लेक : नको ना, आई.

(फोन वाजतो.)

लेक : त्याच्या आईंचा आहे. तुझा घसा कसा आहे विचारणार.

आई : झोपलीये म्हनून सांग.

लेक : नाही. खरं सांगते. हॅलो? हो, बसलात का गाडीत? आईचा घसा ना... त्याचं असं झालं, घसा काही... म्हणजे मीच तिला...

आई : आन इकडं तो फोन.

लेक : आई, थांब...

आई : हॅलो, विहीनबाई? हो, मीच बोलते. आत्ताच सुटला बघा घसा. औषधबिषध काही नाही हो, कोमट पानी प्याले. पोरीनंच करून दिलं.