गाव पळालं, अच्युत राहिला

बसा, मंडळी, बसा. जरा पुढं सरका, दारात उभे आहेत त्यांना आत येऊ द्या. अहो खांबाला टेकलेले काका — टेका, टेका, खुशाल टेका! आजची गोष्टच अशी आहे की ऐकता ऐकता डोळे मिटतील. मिटले तर मिटू द्या. कान तेवढे उघडे ठेवा म्हणजे झालं.

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. परक्याच्या मुलखात, परक्याच्या देवळात गेलो की आपला आवाज आपोआप खाली येतो. पाऊल हळू पडतं, मान वाकते. चांगली गोष्ट आहे! पण मग तोच माणूस आपल्या गावच्या देवळात फोनवर बोलत बोलत कसा काय शिरतो हो? तिकडच्यांची ती श्रद्धा — आणि इकडच्यांचा अडाणीपणा? एकाच माणसाच्या खिशात ही दोन मापं आली कुठून?

उत्तर मी देणार नाही. उत्तर अच्युत मेस्त्री देईल. ऐका, मंडळी!

अच्युत कोकणातला. आडवणे गावचा. नोकरी ठाण्याला, हुद्दा मोठा. माणूस वाईट नाही बरं का! उगाच वाईट समजाल. उलट फार हळवा. एके वर्षी तो गेला बालीला. आणि गेला नेमका त्यांच्या नववर्षाला. त्या दिवशी तिथं अख्खं बेट गप्प बसतं! दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, रस्त्यावर यायचं नाही. विमानसुद्धा उतरत नाही, बोला! का? तर त्यांच्यात म्हणतात, वरून भुतंखेतं जातात. त्यांना वाटावं, इथं कुणी राहतच नाही, आणि ती आपली पुढं निघून जावीत.

अच्युत हॉटेलच्या खोलीत अंधारात बसलेला. संध्याकाळी चुकून त्याच्या मोबाईलचा उजेड खिडकीवर पडला. खाली पहाऱ्यावर एक म्हातारा होता. तो थांबला. ओरडला नाही, शिट्टी मारली नाही — नुसतं वर बघितलं. ह्यानं घाईघाईनं उजेड विझवला आणि अंधारातच हात जोडले. चुकलो म्हणाला. मग हळूच बाहेर डोकावला, तर डोक्यावर एवढं मोठं आभाळ, आणि खाली कुठंही माणसाची खूण नाही. अच्युतच्या डोळ्यांना पाणी आलं. खरं पाणी होतं ते, मंडळी. मी त्याची चेष्टा करणार नाही.

चेष्टा करणार ती पुढची! परत आला तो बाली बाली करतच. सोसायटीच्या गणपतीत पडदा लावून फोटो दाखवले. कसले? काळोखाचे! एक काळा फोटो, पुढं दुसरा काळा फोटो. आणि लोक म्हणतायत, वा! वा! अच्युत म्हणतो, "बघा ही संस्कृती! आपल्याकडं आहे का असं काही?"

अरे आहे की रे बाबा! तुझ्याच गावात आहे!

आडवण्याला काही वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावतात, देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात. उजवी पाकळी पडली, की झालं — सगळ्या गावानं गाव सोडायचं. तीन दिवस ओहोळापलीकडं, शिवेबाहेर राहायचं. माणसं जातात, गुरं जातात, टोपलीत घालून कोंबड्या जातात. घरातलं मांजरसुद्धा! दारं उघडी टाकतात. का? तर जे काही वाईट घरात येऊन बसलं असेल त्याला बघायला माणूस नको, अडवायला माणूस नको. मोकळ्या दारानं जाऊ दे त्याला.

आता मला सांगा, बालीच्या भुतांत आणि आडवण्याच्या भुतांत फरक काय? फरक एवढाच — ती विमानाच्या तिकिटाची, ही एस.टी.च्या तिकिटाची! हसा, हसा. मीही हसलो होतो.

पण आता हसणं जरा बाजूला ठेवू. पळणीच्या आदल्या दिवशी अच्युत गावी आला. त्याची आई, सुभद्राकाकी, गुडघ्यांनी अगदी अधू झालेली. तिनं दारातच विचारलं, "झिला, पळणीक इलस?"

"पळणीला नाही गं आई. तुला ठाण्याला न्यायला आलोय."

"ने माका, खय व्हया थय ने. पण आधी पळण. माका घर रिकामा होवक व्हया."

"कशाला?"

म्हातारीनं पडवीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुझो बापूस अजून पडवीत बसलेलो आसा रे. घरात माणूस आसा तवसर तो जावचो नाय."

मंडळी, हे काय ते तुम्हाला सांगायला हवं. अच्युतचे वडील दोन वर्षांमागं गेले. शेवटच्या आजारात त्यांनी आपली बाज पडवीत आणायला लावली होती. कशासाठी? वाट दिसावी म्हणून! मुलगा कधी येतो ते दिसावं म्हणून. मुलाला फोन झाला. मुलगा म्हणाला, "उद्या निघतो." उद्या निघाला खरा, पण पोचला तेव्हा बाज रिकामी होती. त्या दिवसापासून मायलेकांनी त्या गोष्टीचा एक शब्द काढला नव्हता. आज आईनं काढला.

आणि अच्युतनं काय करावं? घाबरला बिचारा! माणूस घाबरला की व्याख्यान देतो, बघा. "आई, कुठल्या जमान्यात आहेस तू? माणसं चंद्रावर गेली आणि तुम्ही भुतांना दारं उघडी टाकताय! मी येणार नाही. तुला जायचं तर जा."

सकाळी गावचे मानकरी आले, तातो गावकर. मागं अर्धं गाव. तातोंनी हात जोडले हो त्याच्यापुढं. "अच्युता, एक माणूस जरी आत रवलो तरी पळण होणा नाय बाबा. तीन दिवसांचो तर प्रश्न."

"तुम्ही जा ना, तात्या. मी कुणाला अडवलंय? माझी मीटिंग आहे."

तातो "बरा" म्हणाले. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी सुभद्राकाकीला खुर्चीवर बसवलं, खुर्चीला बांबू बांधले आणि उचलली. जाताना म्हातारी एवढंच म्हणाली, "दार तरी उघडा ठेय."

आणि गाव निघालं. ढोल पुढं, त्याच्यामागं बायामाणसं, डोक्यावर भांडी, कडेवर पोरं. गुरांच्या घंटा वाजत वाजत लांब गेल्या. मग ढोलही ऐकू येईना.

पेटीवाले, एक नुसता सूर धरून ठेवा हो. खालचा. गाणं नको. आता आपण रिकाम्या गावात शिरतो आहोत.

दुपार झाली. अच्युतची मीटिंग संपली. लॅपटॉप मिटला, आणि त्याला कळेना काय झालंय. काहीतरी बंद पडलं होतं. पंखा तर चालू होता. मग लक्षात आलं — कोंबडा नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. विहिरीवर कळशीचा आवाज नाही, रेडिओ नाही, कुठं पोर रडत नाही. पोफळीचं एक वाळलेलं झाप सुटून खाली आलं, त्याचा आवाज त्यानं पार शेवटपर्यंत ऐकला. एवढं मोठं गाव, आणि त्यात त्याचा एकट्याचा श्वास. हे त्यानं पूर्वी कुठं ऐकलं होतं? ओळखीचं वाटत होतं, पण आठवायला तो तयार नव्हता. आडवा झाला. डोळा लागला, उघडला, पुन्हा लागला. उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत गेला.

तिन्हीसांजेला उठला. सवयीनं बटण दाबलं, दिवा लागला. म्हटलं चहा करू. दूध? दूध कुठलं, मंडळी! गाय पळणीला! मग अंगावरच्या कपड्यांतच निघाला दुकानाकडं. दुकानाचं दार उघडं. बरण्या मांडलेल्या, तागडी टांगलेली, माणूस नाही. तो "कोण आहे का?" म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून संकोचला. दुसऱ्याच्या झोपेत बोलल्यासारखं झालं त्याला.

दुकानामागून घाटीची पायवाट डोंगरावर चढते. तो कशाला चढला कोण जाणे. पाय घेऊन गेले. वर जाऊन मागं वळला, आणि खाली सगळं आडवणे दिसलं. माडांत बुडलेली कौलं. निळसर काळोख भरत चाललेला. घराघराचं दार उघडं, झोपाळे स्थिर, तुळशीपुढं पणती नाही. सगळं गाव असं सैल, शांत, कुणाचंच नसलेलं. इतकं सुंदर गाव त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्याचंच होतं!

आणि त्या सगळ्यात एक खिडकी पिवळी पेटलेली. एकच.

कुणाची? — बरोबर. मेस्त्र्यांची!

तिथं बालीला एका अनोळखी म्हाताऱ्यानं नुसतं वर बघितलं, तर ह्यानं अंधारात हात जोडले. इथं सकाळी अर्धं गाव दारात उभं होतं, तातो हात जोडत होते, आणि ह्यानं लॅपटॉप उघडला! हे त्याचं त्यालाच कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. लाज वाटली त्याला. अशी लाज, की तो उतरणीवरून पळत सुटला.

घरी आला, आधी दिवा विझवला. मग पडवीत आला. बाज तिथंच होती. वडील दिसले का त्याला? नाही, मंडळी. देवाच्या दारात उभं राहून मी खोटं सांगणार नाही. कुणी दिसलं नाही. पण धाप लागली होती म्हणून तो बाजेवर टेकायला गेला, आणि त्याला टेकवेना. कुणी बसलेलं असताना आपण वर कसं बसावं, तसं वाटलं. तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, मी निघतो." आणि पुढचं दार, मागचं दार, सताड उघडं टाकून चालू लागला.

ओहोळाशी पोचला, तर काय बघतो? पलीकडं सगळं गाव बसलेलं. तीन तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, पण एकही पेटलेली नाही! राहुट्यांची कापडं घडी करून बाजूला. गुरं रवंथ करतायत. आणि अलीकडच्या काठावर, गावाच्या बाजूला, खुर्चीत त्याची आई. शेजारी जमिनीवर तातो.

"आई, तू अजून इथंच?"

"घरातलो माणूस आत, आणि घरकारीण भायर? असा कसा होतला?"

"आणि हे सगळे?"

तातो म्हणाले, "आमी थांबलव."

"किती वेळ थांबणार होतात, तात्या?"

"तू येयसर."

बस. राग नाही, टोमणा नाही. शेवटचं पाऊल शिवेबाहेर पडल्याशिवाय पळण सुरू होत नाही, एवढंच. त्याचं पाऊल राहिलं होतं, म्हणून एवढं गाव सकाळपासून न पेटलेल्या चुलींपुढं बसून होतं.

अच्युतनं आईला उचललं. किती हलकी झाली होती ती! गुडघाभर पाणी, थंड, पायाखाली गुळगुळीत गोटे. मधोमध आल्यावर तो थांबला. इतकी वर्षं शहरात बोललेली भाषा त्याच्या तोंडातून निघेना. म्हणाला, "आये, माका त्याच दिवशी येवक व्हया होता गो. त्याच दिवशी."

म्हातारीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. "आता इलस मा? मगे झाला. जाव दी त्येका आता."

तिथंच, वाहत्या पाण्यात उभा राहून रडला तो. पलीकडं कुणी बघत होतं, कुणी बघत नसल्यासारखं करत होतं. तो काठाला लागला, आईला खाली ठेवलं, आणि मागोमाग ओहोळ ओलांडून आलेल्या तातोंनी पहिली काडी ओढली. मग दुसरी चूल पेटली, मग तिसरी. मागं गाव अंधारात होतं. आत आता कुणी नव्हतं.

पेटीवाले, थांबवा सूर.

मंडळी, बालीला जाऊ नका असं मी म्हटलं का? जरूर जा! तिथं हात जोडा, डोळ्यांना पाणी येऊ द्या. फक्त ते जोडलेले हात आपल्या घरी येईपर्यंत सोडू नका. आणि आपलं जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. जे माणसाला छळतं ते आपलं असलं तरी खुशाल टाकून द्या. पण टाकायच्या आधी एकदा, एकदाच, त्याच्याकडं परक्याच्या घरात बघता तसं बघा. तितक्याच मऊ डोळ्यांनी. तिथं विचारता ना, "हे असं का करतात हो?" तसं आपल्या आईला विचारलं आहे का कधी?

आता शेवटाला देवाचं नाव घ्यायचं. पण आज मी सांगेन ते नाव नको. ज्याच्या त्याच्या गावचा जो देव, शिवेवरचा, माळावरचा, ज्याला तुमची आजी उठल्या उठल्या हाक मारायची, त्याचं नाव घ्या. मोठ्यानं! लाजू नका!

…का हो? परदेशातल्या दहा देवळांची नावं आत्ता धडाधड सांगितली असतीत ना?

आठवा, मंडळी. आठवेपर्यंत मी उभा आहे.