एथलिंडाची पावलं

—बस गं, पायरीवरच बस, आणि या तुरीच्या शेंगा घे, सोलता सोलता सांगते. शनिवारी माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर दगड बसवला, त्या जेवणात लोक मला का हसले, हेच ना? हसले म्हणजे काय, माझी नणंद लोरेटा तर बाकावरून पडायचीच राहिली. तू ग्रेनाडाची, नवीन, तुला कसं कळणार — आमच्या कारियाकूत बघ, गावाला नाव फ्रेंचांनी दिलं, आम्हाला आडनाव स्कॉटिश मालकानं, देव इंग्रजांनी. आमचं म्हणून उरलं ते एकच, कूळ. गुलाम म्हणून गलबतातून उतरवलेला माणूस तिकडे आफ्रिकेत कोणातला होता, ते. आमचं क्रोमांती. अशा जेवणात ढोलावर प्रत्येक कुळाचा आपला ताल वाजतो, त्यावर त्या कुळानंच नाचायचं, आणि पहिला मान क्रोमांतींचा, त्यामुळे बापाची मान कायम ताठ — तेमने कुळाचा सिमियन मला मागायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. क्रोमांतींची मुलगी तेमन्यांकडे कशी द्यायची? मी रडले का? छे. थोडी. मग क्रोमांतींच्याच बेडोशी लग्न झालं, चांगला होता बिचारा, घोरायचा फार.

तर शनिवारी पूर्वजांसाठी रम शिंपडली, क्रोमांतींचा ताल झाला, मी नाचले, कसंबसं — तो ताल माझ्या पायात कधी बसलाच नाही, मला वाटायचं पायच जड. मग तेमन्यांचा ताल सुरू झाला, आणि मी, विधवा बाई, झग्याचा घेर धरून थेट रिंगणात. पाय आपले आपण पडत होते. ती पावलं मला आजीनं शिकवलेली, बापाच्या आईनं, स्वयंपाकघराचं दार लावून — म्हणायची, तुझ्या बापाच्या आजोबांची आहेत ही, पण त्याला सांगू नकोस. मला वाटलं, खेळ. तेवढ्यात ढोल थांबला. वाजवत कोण होता? सिमियनच, दुसरं कोण वाजवणार. सगळ्यांदेखत म्हणाला, "एथलिंडा, ही तर आमची पावलं."

म्हणजे बापानं मानाचं म्हणून दुसऱ्याचं कूळ उचलून आणलं, आणि त्याच्यापायी मला — असू दे. लोरेटा म्हणते, जन्मभर आमच्यात फुकट मिरवलीस. मिरवले खरी. हसू येतं गं मलाही. पण बापाच्या त्या आजोबांचं गलबतावर सगळं काढून घेतलं होतं, नावसुद्धा, आणि जे राहिलं ते नातवानंच टाकून दिलं — हे मनात आलं की शेंग हातातच राहते.

सिमियन? त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी कुठे चौकशी करते, लोकच सांगतात. आज येतो म्हणालाय, पुढची पावलं दाखवायला — आजीनं अर्धीच शिकवली होती ना. हा झगा? धुतलेला होता म्हणून घातला. बरं, शेंगा राहू देत तिथेच. आणि जाताना मागच्या वाटेनं जा.